आठ उमेदीची गाणी, एक अल्बम: सुटे तुकडे जुळवायचे कसे?

वहीतली_गाणी:

नमस्कार मंडळी. गाणी स्वतः लिहिते, चाल लावते, गाते. फोनमध्ये २३ चाली साठल्या आहेत, त्यातल्या ११ गाण्यांचे शब्द पूर्ण आहेत. यातून आठ गाण्यांचा अल्बम करायचा आहे. सूत्र एकच: खचलेल्या माणसाला ऐकून उठावंसं वाटलं पाहिजे. अडचण अशी की एकेक गाणं सुटं ऐकलं तर बरं वाटतं, पण ओळीने लावली की तिसऱ्या गाण्यापासून सगळी एकच वाटायला लागतात, आणि गोडच गोड.

पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा. ११ पैकी सात गाणी भूप रागाच्या (सा रे ग प ध) अंगाने, बाकीची बिलावल-पहाडीत. ताल जवळजवळ सगळीकडे केरवा, लय ९२ ते १०४ बीपीएम (मिनिटाला ठोके). वाद्यं गिटार, पेटी, तबला-ढोलकी. घरी दोन इनपुटचं साउंड कार्ड, एक कंडेन्सर माइक आणि १० बाय १० ची खोली. स्टुडिओचे दोनच दिवस परवडतील. हाताशी साधारण एक वर्ष आहे. गाणी निवडायची कशी, आधी काय रेकॉर्ड करायचं, घरी काय आणि स्टुडिओत काय?

अंतरा_आधी:

ताई, गाणी सारखी वाटण्याचं कारण तुम्ही दिलेल्या माहितीतच आहे. सात गाणी त्याच पाच स्वरांची, एकाच पट्टीत, एकाच तालात, आणि लयीत जेमतेम १२ चा फरक. शब्द कितीही वेगळे असले तरी कानाला तिसऱ्या गाण्यात नवं काही मिळत नाही. आणखी एखादं आनंदी गाणं लिहून हे सुटणार नाही. आहेत त्यातलीच तीन-चार मोडून पुन्हा बांधावी लागतील.

आधी एक मोठा कागद घ्या. ११ गाणी, ११ ओळी. प्रत्येकापुढे पट्टी, ताल, लय, मुखडा कोणत्या स्वरावर उचलला आहे, ध्रुवपद कुठे टेकतं, अंतऱ्यात तार षड्ज (वरचा सा) कितव्या ओळीत लागतो, गाण्यात कोण कोणाशी बोलतंय, आणि हाताला लागेल अशी एखादी वस्तू गाण्यात आहे का, एवढं लिहा. माझा अंदाज आहे की बहुतेक गाणी गंधारावर (ग) उचललेली, षड्जावर (सा) टेकलेली आणि अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत तार षड्जाला भिडणारी निघतील. भूपाची चाल सहज सुचते तशीच ठेवली की असंच होतं. ज्या दोन गाण्यांचे तीन-चार रकाने जुळतात त्यातलं एकच ठेवा, किंवा एकाची चाल बदला.

बदलायची एक सोपी वाट आहे. भूपाचेच पाच स्वर ठेवा आणि षड्जाचं घर हलवा. भूपाच्या पंचमाला (प) षड्ज मानलं की दुर्गा राग मिळतो, धैवताला (ध) मानलं की धानी, गंधाराला मानलं की मालकंस. तुमच्या काळी चारच्या भूपातला पंचम म्हणजे काळी दोन, धैवत म्हणजे पांढरी चार. स्वर तेच असल्यामुळे गळ्याला नवा ताण नाही, पण टेकायची जागा बदलली की गाण्याचा चेहराच बदलतो. धानीत गंधार-निषाद कोमल होतात, त्यामुळे हळवेपणा येतो, तरी मालकंसाइतकं गंभीर होत नाही. तुमच्या अल्बमात एक पडतं गाणं लागेल, ते या धानीत करून बघा.

पडतं गाणं लागेलच. आठही गाणी चढणारी असली तर चढ जाणवत नाही. तिसऱ्या किंवा चौथ्या जागी एक गाणं असं ठेवा की ज्यात माणूस अजून उठलेला नाही. लय ६६ ते ७२, ढोलकी नाही, गिटार आणि आवाज एवढंच. त्यानंतरच्या गाण्यात ठेका पहिल्या कडव्यानंतर आणा, लगेच नको.

तालाबद्दल: आठांत केरवा चारपेक्षा जास्त नको. एक दादरा, एक रूपक, एक भजनी ठेका आणि एक तालाशिवाय, एवढ्याने अल्बम मोकळा होतो. आठ मात्रांच्या केरव्यातलं गाणं सात मात्रांच्या रूपकात नेताना दर आवर्तनाला एक मात्रा कमी पडते. ओळीतलं 'रे', 'गं', 'हा' असं भरीचं अक्षर काढलं की बहुतेक वेळा जमतं, आणि ओळही घट्ट होते.

सुरुवातीच्या सुरावटींवरही लक्ष ठेवा. ९६ लयीला चार ठोके अडीच सेकंदांत होतात, म्हणजे ३२ ठोक्यांची सुरावट २० सेकंद घेते. आठही गाण्यांना ती दिली तर दोन मिनिटं ४० सेकंद नुसती सुरुवातच होईल. दोन गाणी थेट आवाजाने उघडा. बाकीच्यांना १६ ठोके पुरतात.

आता शब्द. "रात्र सरेल, पहाट होईल, किरणांना पंख फुटतील" अशा ओळी कुठल्याही गाण्यात चालतात, म्हणून कुठल्याच गाण्याच्या होत नाहीत. त्याऐवजी "पाणी आलंय चार वाजता, हंडा लाव नळाखाली" ही ओळ बघा. पहाट आली, कष्ट आले, आणि आज पाणी आलं आहे ही उमेदही आली. 'हंडा' गाताना 'हं' वर गंधार धरला तर अनुस्वार आपोआप घुमतो. २३ चालींच्या वहीतून पहाट, पंख, किरण, आभाळ, वाट हे पाच शब्द मोजा. अल्बमभर प्रत्येक एकदाच वापरायची मुभा स्वतःला द्या.

शाई_आणि_गट्टे:

वरच्या षड्ज हलवण्याच्या सूचनेत तबल्याचा मोठा फायदा आहे. काळी चारला तबला षड्जात लावायचा तर मोठ्या तोंडाचाच हवा. नेहमीचा लहान तोंडाचा तबला तिथे उतरवला की पुडी (वरचं कातडं) सैल पडते आणि आस (घुमारा) मरते. म्हणून तो पंचमात लावा, म्हणजे काळी दोन. मध्यमात अजिबात नको, कारण भूपात मध्यम वर्ज्य आहे आणि प्रत्येक 'ना'ला रागात नसलेला स्वर वाजत राहील. गंमत बघा, दुर्गा काळी दोनपासून गायलात तर तोच तबला, एकही गट्टा (सूर लावायचा लाकडी ठोकळा) न हलवता, षड्जात येतो. भूप आणि दुर्गातली सगळी गाणी एका बैठकीत निघतात.

धानीत ताल ठेवणार असाल तर तिथला षड्ज पांढरी चार, पंचम पांढरी एक. काळी दोनचा तबला पांढरी एकपर्यंत तीन अर्धस्वर उतरवत बसू नका. वादकांना आधीच सांगा, दुसरा तबला घेऊन येतील. पट्टी मोठ्या फरकाने बदलली की पुडी बसायला वेळ लागतो, आणि तोवर तो मधेच हलतो. रेकॉर्डिंगचा क्रम अल्बमच्या क्रमाने लावू नका, पट्टीच्या क्रमाने लावा.

पेटीची गोष्ट सगळ्यात आधी तपासा. ट्यूनर लावून सगळे स्वर एकेक करून बघा. जुन्या पेट्या बहुधा ४४० हर्ट्झ या ठरलेल्या स्वरमानाला नसतात. समजा सगळे स्वर ८ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) वर दाखवतायत, तर तुमची पेटी ४४२ ला आहे. मग गिटार, तबला, तंबोऱ्याचं ॲप सगळं ४४२ वर आणा, कारण पेटी जागेवर लावता येत नाही. स्वर एकमेकांत ५ सेंटपेक्षा जास्त विस्कटलेले असतील तर आधी दुरुस्तीला द्या. रेकॉर्ड झाल्यावर हा दोष निघत नाही. भाता एकसारखा भरा. जोरात भरला की सूर किंचित उतरतो, आणि नुसत्या पेटीला कळला नाही तरी गिटारबरोबर लगेच कळतो. माइक भात्याच्या बाजूला नको, पट्ट्यांच्या वर एका हाताच्या अंतरावर, थोडा वादकापासून दूर झुकवून ठेवा. भात्याची कुरकुर येत असेल तर बिजागऱ्या बघा.

तालवाद्यं पावसाळ्यात रेकॉर्ड करू नका. हवेतल्या ओलीने कातडं ढिलं पडतं, गाणं संपेपर्यंत सूर खाली येतो. उलट एसीच्या कोरड्या हवेत वर चढतो. स्टुडिओत वाद्यं अर्धा-पाऊण तास आधी उघडून ठेवा आणि एसी सुरू असेल तर मधे बंद-चालू करू नका. नोव्हेंबर ते जानेवारी हा उत्तम काळ.

गोधडी_बूथ:

घरच्या खोलीबद्दल सांगतो, कारण चौकोनी १० बाय १० ही आवाजासाठी अवघड खोली आहे. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. या अंतरात पहिला अनुनाद, म्हणजे खोली स्वतःच घुमते तो स्वर, ५६ हर्ट्झच्या आसपास आणि दुसरा ११२ च्या आसपास पडतो. लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे दोन्ही दिशांचे अनुनाद एकावर एक बसतात. छतही तेवढंच उंच असेल तर तिप्पट. तुमचा षड्ज २०८ हर्ट्झला, म्हणजे आवाज बराचसा सुटतो. गिटार सापडते. काळी चारसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून जी चे आकार धरत असाल तर पाचवी तार ११६.५ हर्ट्झला वाजते, खोलीच्या दुसऱ्या अनुनादाला अगदी खेटून. ती एकच तार घुमते आणि आपण गिटारला दोष देतो. खोलीच्या मधोमध बसलात तर हे सर्वात जास्त होतं. दोन भिंतींपासून तीनेक फुटांवर, कोनात बसा. तरी घुमलंच तर मिक्समध्ये तेवढ्याच भागात ३ डेसिबल कमी करा.

गोधड्या, गाद्या लावा, पण त्यांच्याकडून योग्य तेवढीच अपेक्षा ठेवा. त्या स-श चा चरचरीतपणा आणि टाळीसारखा उलटणारा आवाज खातात, खर्ज खात नाहीत. कार्डिऑइड, म्हणजे एका बाजूने ऐकणारा, माइक समोरचं ऐकतो, म्हणजे तुमच्या पाठीमागची भिंत ऐकतो. म्हणून गोधडी माइकमागे लावण्याआधी गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा, भिंतीपासून चार बोटं सोडून. कापसाची गादी उभी करून ठेवली तर आणखी चांगलं.

गिटारचा माइक बाराव्या फ्रेटसमोर, २० ते ३० सेंटिमीटरवर. भोकासमोर ठेवला की नुसता गडगडाट येतो. तारा आदल्या दिवशी बदला, ताज्या तारा सूर सोडतात.

आवाजासाठी माइक १५ ते २० सेंटिमीटरवर, मधे पॉप फिल्टर (वारा अडवणारी जाळी). मराठीत भ, फ, ध, घ या महाप्राण अक्षरांचा वारा माइकवर आदळतो. 'भरभर', 'फुलणं', 'धावत' असे शब्द ध्रुवपदात असतील तर माइक तोंडाच्या रेषेपेक्षा दोन बोटं वर घ्या आणि नाकाकडे वळवा. वारा खालून जातो, शब्द मात्र स्पष्ट येतो. स-श टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर (स-श दबवणारं सॉफ्टवेअर), पण हलकाच. जास्त लावला की 'स' बोबडा ऐकू येतो आणि मराठी कान लगेच दुखावतो.

पातळी: सर्वात मोठी ओळ उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. रेकॉर्ड करताना साउंड कार्डचा बफर १२८ सॅम्पल, मिक्स करताना १०२४. गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. ५० हर्ट्झची घरघर बहुधा अर्थिंगमुळे किंवा इन्व्हर्टरमुळे असते. पंखा, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा सुरू करायचं विसरू नये म्हणून घराची किल्ली फ्रिजवर ठेवा.

क्रम असा: आधी प्रत्येक गाण्याची लय पक्की करून क्लिक (लयीची टिकटिक) लावा, त्यावर कच्ची गिटार आणि कच्चा आवाज. हे सगळं घरी. मग तालवाद्यं, मग पक्की गिटार, पेटी, आवाज आणि शेवटी साथीचे आवाज. केरव्याला नुसती टिकटिक देऊ नका, वादक दुगुनीत (दुप्पट लयीत) गेले की सम (तालाची पहिली मात्रा) हरवते. समेला वेगळा ठोका ठेवा. शेवटच्या ध्रुवपदाला लय ९६ वरून ९८ करा, कुणाला कळत नाही पण गाणं पुढे झुकतं. तालाशिवायच्या गाण्याला क्लिक नकोच, तिथे गिटार आणि आवाज एकदमच घ्या.

स्टुडिओचे दोन दिवस तालवाद्यांना द्या. त्यांना तीन-चार माइक आणि मोठी खोली लागते, जी घरी होणार नाही. आवाज घरीच घ्या, सवडीने.

फाइलींचा हिशेब आधी करा. एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी. २० ट्रॅक, चार मिनिटं, म्हणजे गाण्याला सुमारे ७०० एमबी, आणि वेगवेगळ्या फेऱ्या धरल्या तर चौपट. आठ गाण्यांना २२ जीबीच्या आसपास. तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर. नाव 'हंडा_९६_काळी४_आवाज_फेरी३' असं ठेवा. 'फायनल', 'फायनल२' असं नको.

शेवटचा_फेडर:

वरच्या बहुतेक गोष्टींशी सहमत, एका गोष्टीला हरकत आहे. दोन्ही दिवस तालवाद्यांना देऊ नका. तालाशिवायचं गाणं सोडून सात गाण्यांना ठेका लागेल, पट्टीनुसार लावलं आणि कच्चे ट्रॅक घरून पक्के नेले तर एका दिवसात होतात. दुसरा दिवस त्या पडत्या गाण्यासाठी ठेवा. गिटार आणि आवाज एकत्र, फक्त दोघांचा श्वास, तिथे घरची खोली लगेच उघडी पडते. भरलेल्या गाण्यात खोलीचा दोष झाकला जातो, रिकाम्या गाण्यात नाही.

वहीतली_गाणी:

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद भरला. अंतरा_आधी यांचा अंदाज खरा ठरला, ११ पैकी आठ गाणी गंधारावर उचललेली निघाली. तीन बाजूला काढली, दोन दुर्गात नेली, एक धानीत.

आणखी तीन शंका. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर वापरावं का? शेवटी तुकोबांचा एक अभंग घ्यावा असं वाटतं, त्याला परवानगी लागते का? आणि गाण्यांचा आवाज सगळीकडे सारखा कसा ठेवायचा?

शेवटचा_फेडर:

सॉफ्टवेअर वापरा, पण लांब धरलेल्या स्वरांवरच, आणि तेही अर्धंच ओढा. मींड, खटका, कण अशा गळ्याच्या हरकतींना हात लावू नका, तिथे स्वर मुद्दाम दोन घरांच्या मधे असतो. गंधाराकडे विशेष लक्ष द्या. तंबोऱ्याशी जुळलेला शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा १४ सेंट खाली असतो. तंबोऱ्याच्या गाण्यात तुम्ही अचूक लावलेला गंधार सॉफ्टवेअर चूक समजून वर ओढतं आणि गाण्यातली शांतता जाते. याच कारणाने तंबोरा आणि गिटारच्या कॉर्ड एकाच गाण्यात दोन्ही मोठ्या ठेवू नका.

आवाजाची पातळी: स्पॉटिफाय उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणतं, ॲपल म्युझिक साउंड चेक चालू असेल तर उणे १६. ट्रू पीक (आवाजाचं सर्वात उंच टोक) उणे १ च्या वर नको. तुम्ही दाबून उणे ८ केलंत तरी ते खाली आणलं जाणारच, फक्त ढोलकीची थाप चपटी झालेली राहील. आणि आठही गाणी एका आकड्याला आणू नका. अल्बम ओळीने ऐकला जातो तेव्हा स्पॉटिफाय संपूर्ण अल्बमची पातळी एकत्र बदलतं, गाण्यांमधला फरक तसाच ठेवतं. सर्वात भरलेलं गाणं उणे १२, पडतं गाणं उणे १७ असं असू द्या. त्यातल्या आवाजाची उंची मात्र कानाने जुळवा: आधीच्या गाण्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ लागोपाठ ऐका, गायिका एकदम जवळ आली किंवा लांब गेली असं वाटता कामा नये.

मिक्स संपल्यावर दोन आठवडे काहीही ऐकू नका, मग फोनच्या स्पीकरवर, रिक्षात, स्वयंपाकघरात ऐका. कुकरच्या शिट्टीपलीकडून ध्रुवपदाचे शब्द कळले पाहिजेत.

हक्क_नोंद:

तुकोबांचे शब्द कोणाच्याही परवानगीशिवाय घेता येतात. चालीचं तसं नाही. भारतात शब्द आणि संगीतावरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. लोकप्रिय अभंगांच्या ज्या चाली आपल्या कानात आहेत, त्यातल्या कित्येक विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या आहेत. म्हणून स्वतः चाल लावा. मोठ्या अभंगाचे चरण ६-६-६-४ अक्षरांचे असतात, त्यात दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं. चौथा चरण आखूड असल्यामुळे तिथे आपोआप श्वासाची जागा मिळते. भजनी ठेक्यात हे सहज बसतं, आणि अल्बममध्ये एक भजनी ठेका हवाच होता.

वादकांशी आणि संगीत संयोजन करणाऱ्यांशी आधीच लेखी करून घ्या, एक पान पुरतं: मानधन किती, नाव कसं छापायचं, चालीत वाटा आहे की फक्त वादन. पेटीवादकांनी तयार केलेली सुरावट मुखड्याइतकीच ओळखीची झाली तर हा प्रश्न नंतर उठतोच. आधी बोललेलं कटू होत नाही.

शब्द आणि चाल दोन्ही तुमची असल्यामुळे आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व दोन्ही नात्यांनी घ्या, लेखक म्हणून आणि संगीतकार म्हणून. ही संस्था १९६९ पासून आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणातल्या शब्द-संगीताच्या रॉयल्टीतला तुमचा समान वाटा तुम्ही एखाद्या लेबलला लिहूनही देऊ शकत नाही, हे करारावर सही करण्याआधी लक्षात ठेवा. कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी सक्तीची नाही. करायची तर शब्द किंवा संगीतासाठी कृतीमागे ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २००० रुपये शुल्क आहे.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड (त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) मिळतो, वितरक तो देतात. आधी सुटं प्रसिद्ध केलेलं गाणं अल्बममध्ये घेताना तोच कोड टाका. नवा घेतलात तर ऐकण्यांचा आकडा दोन जागी फुटतो. स्पॉटिफायवर २०२४ पासून बारा महिन्यांत १००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला पैसे मिळत नाहीत, त्यामुळे हे महत्त्वाचं आहे.

गाण्यांची नावं देवनागरीत द्या आणि टंकलेखन तपासा. 'वाऱ्यावर' मधला अर्धा र चुकून 'वार्यावर' असा गेला की शोधणाऱ्याला गाणं सापडत नाही. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल.

तारखा: तालवाद्यं नोव्हेंबर-डिसेंबर, बाकी रेकॉर्डिंग जानेवारी, मिक्स फेब्रुवारी. पहिलं सुटं गाणं गुढीपाडव्याला, दुसरं त्यानंतर दोन आठवड्यांनी, अल्बम अक्षय्य तृतीयेला. मधे बरोबर महिनाभर मिळतो. वितरकाकडे किमान चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायला किमान सात दिवस आधीची मुदत असते आणि एका वेळी एकच गाणं पाठवता येतं.

वहीतली_गाणी:

क्रम असा लावला आहे, नजरेखालून घाला. १. हंडा (भूप, केरवा, ९६). २. पहिली एसटी (दुर्गा, केरवा, १०८). ३. उसवण (पहाडी, दादरा, ८४). ४. बंद दुकान (धानी, तालाशिवाय). ५. शिवण (भूप, रूपक, ८८, मुखडा गंधारावर). ६. जिना (दुर्गा, केरवा, १००). ७. पेरणी (बिलावल, केरवा, ११२). ८. अभंग (भूप, भजनी, सुरुवात सावकाश, शेवटी चढती लय). एकूण ३३ मिनिटं.

अंतरा_आधी:

चांगला क्रम आहे. सहा आणि सात मात्र जवळ पडतात, दोन्ही केरवा आणि दोन्हीत ढोलकी. 'जिना'ला फक्त तबला द्या, ढोलकी 'पेरणी'पर्यंत राखून ठेवा.

चार आणि पाच यांचा सांधा मोलाचा आहे, तो वाया घालवू नका. 'बंद दुकान' धानीत पांढरी चारच्या षड्जावर संपतं. तोच स्वर 'शिवण'च्या भूपात धैवत आहे. 'शिवण'चा मुखडा गंधारावरून काढून धैवतावर उचला. मधे दीड सेकंद सोडा, आणि पहिला शब्द वाद्यांशिवाय, त्याच स्वरावर गा. दुःखातला टेकायचा स्वर पुढच्या गाण्याचा उचलायचा स्वर होतो. पेटी दुसऱ्या ओळीपासून, तबला पहिल्या कडव्यानंतर.

शाई_आणि_गट्टे:

म्हणजे 'हंडा', 'शिवण', 'एसटी', 'जिना' आणि अभंग ही पाचही काळी दोनच्या एकाच तबल्यावर निघतात. सकाळी ही पाच घ्या, अभंग सर्वात शेवटी, कारण चढत्या लयीत जोर लागतो आणि पुडी हलते. जेवणानंतर 'उसवण' आणि मग ढोलकीवर 'पेरणी'. बिलावल काळी चारलाच असेल तर ढोलकीची शाईची बाजूही काळी दोनला, पंचमातच लावायला सांगा.